पायाला मापाचा दाब : ‘स्मार्ट’ स्टॉकिंग घेण्याआधी

संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसतो. नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, फळ्यासमोर दिवस काढणारे शिक्षक, सलूनमधले कारागीर, ऑपरेशन थिएटरमधले सर्जन यांना हे नवं नाही. डॉक्टर ‘कम्प्रेशन स्टॉकिंग घाला’ म्हणतात. स्टॉकिंग येतं, चार दिवस पायात असतं आणि मग कपाटाच्या तळाशी जातं. ते चढवताना दमछाक होते, काही महिन्यांत ते सैल पडतं आणि आत नेमका किती दाब बसतोय हे कळायला मार्ग नसतो.

या तक्रारींवर उतारा म्हणून आता ‘स्मार्ट’ साधनं पुढे येत आहेत. कुठे आपोआप आखडणारी तार आहे, कुठे ताणलं की रंग बदलणारा धागा, कुठे मोबाइलला जोडलेला पायपट्टा. जाहिराती चकचकीत आहेत आणि किमती चढ्या. यातलं आपल्या कामाचं काय, हे ठरवण्याची एक साधी कसोटी या लेखात मांडतो आहे. या उपचारात दाब हेच औषध असतं. कापड, तार, पंप ही ते औषध पोचवण्याची साधनं. औषधाची मात्रा ठरते तशी दाबाचीही ठरते. ठरलेला दाब, ठरलेल्या जागी, ठरलेले तास देणारं साधन चांगलं, मग ते साधं असो की स्मार्ट.

दाब करतो काय?

आपण उभे राहतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा भार पायाच्या शिरांवर येतो. घोट्याजवळच्या शिरांमधला दाब ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका चढतो. ब्लडप्रेशर ज्या एककात मोजतात तेच हे एकक. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, शिरांमधल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत आणि दाब २०-३० पर्यंत उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग रक्तातलं पाणी आजूबाजूच्या भागात झिरपतं, सूज येते, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते आणि पुढे तिथेच न भरणारी जखम होते. बाहेरून दाब दिला की फुगलेल्या शिरा आवळल्या जातात, झिरपणं कमी होतं आणि पोटरीच्या पंपाला आधार मिळतो.

हा दाब घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी कमी होत जाणारा असावा, ही कल्पना कॉनरॅड जॉब्स्ट यांची. ते जन्माने जर्मन. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात स्थायिक झालेले अभियंता. त्यांना स्वतःलाच शिरांचा आजार होता. तलावाच्या पाण्यात उभं राहिलं की पाय हलके वाटतात, हे त्यांनी हेरलं. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे तळाशी असलेल्या घोट्यावर तो सर्वाधिक पडतो. हेच कापडात उतरवून १९५० साली त्यांनी उतरत्या दाबाचं स्टॉकिंग तयार केलं. आजची बहुतेक स्टॉकिंग्ज त्याच तत्त्वावर विणली जातात.

‘क्लास टू’ म्हणजे किती?

खरेदीतला पहिला घोळ इथे होतो. जर्मन मानकात क्लास १ म्हणजे घोट्याशी १८ ते २१ मिलिमीटर, क्लास २ म्हणजे २३ ते ३२ आणि क्लास ३ म्हणजे ३४ ते ४६. ब्रिटिश मानकात मात्र क्लास १ म्हणजे १४ ते १७, क्लास २ म्हणजे १८ ते २४ आणि क्लास ३ म्हणजे २५ ते ३५. म्हणजे चिठ्ठीवर ‘क्लास २’ एवढंच असेल, तर दुकानाच्या फडताळात कुठल्या देशाचा माल आहे त्यावर तुमची मात्रा ठरणार! डॉक्टरांकडून मिलिमीटरमधला आकडा लिहून घ्या आणि खोक्यावरही आकडाच शोधा. ज्यावर ‘टाइट’, ‘मीडियम’ एवढंच छापलेलं आहे, ते उपचारासाठी घेऊ नका.

दुसरा घोळ पायाच्या आकाराचा. ताण तोच ठेवला तरी घेर वाढला की दाब कमी होतो. क्रेप बँडेज २२ सेंटिमीटर घेराच्या घोट्यावर ४० मिलिमीटर दाब देत असेल, तर त्याच ताणाने गुंडाळलेली तीच पट्टी ३६ सेंटिमीटरच्या पोटरीवर सुमारे २४ देईल. उलट घोट्याचं हाड, नडगीची धार अशा निमुळत्या जागी दाब एकवटतो आणि कातडी सोलवटते. तिथे कापसाची गादी द्यावी लागते. एका थराच्या जागी दोन थर पडले की दाब जवळपास दुप्पट होतो. सूज उतरली की पट्टी सैल पडते आणि सकाळी बरोबर असलेली मात्रा दुपारपर्यंत अर्धवट राहते. घरी अंदाजाने गुंडाळलेली पट्टी बेभरवशाची ठरते, ती या सगळ्यामुळे.

दाब देण्याआधी धमन्या तपासा

पायातून वर जाणाऱ्या रक्ताला दाब मदत करतो, पण पायाकडे येणारं रक्तच कमी असेल तर तोच दाब घात करतो. म्हणून डॉप्लर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात. हे गुणोत्तर ०.८ ते १.३ असेल तर नेहमीचं कम्प्रेशन सहसा चालतं. ०.८ च्या खाली आलं तर कमी दाब, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. ०.५ च्या खाली असेल तर कम्प्रेशन नको. अनेक मधुमेहींच्या धमन्या कडक झालेल्या असतात आणि गुणोत्तर १.३ च्या वर जाऊन सगळं ठीक असल्याचा खोटा दिलासा मिळू शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब पाहतात.

हृदय दुबळं होऊन अंगात पाणी साचलं असेल आणि तो आजार आटोक्यात नसेल, तर पायातलं पाणी वर ढकलणं धोक्याचं. दोन्ही पाय एकदम सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या यांचा विचार आधी व्हायला हवा. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणं असेल तर शिरेत गुठळी असू शकते. तिथे स्टॉकिंगच्या नादी न लागता त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट आपत्कालीन विभाग.

स्मार्ट साहित्य कुठली अडचण सोडवतं?

साध्या कापडाच्या तीन अडचणी आहेत : दाब किती हे कळत नाही, तो टिकत नाही, आणि घालणं-काढणं जिकिरीचं असतं. बाजारातलं कुठलंही नवं साधन यापैकी कोणती अडचण सोडवतं, ते पाहायचं.

पहिली, दाब कळण्याची. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे : काही लवचीक पट्ट्यांवर छोटे आयत छापलेले असतात. पट्टी योग्य तेवढी ताणली की त्यांचे चौरस होतात. काही पट्ट्यांवर लंबगोल असतात, त्यांची वर्तुळं होतात. बॅटरी नाही, ॲप नाही, तरीही गुंडाळणाऱ्याचा हात एका मापात राहतो. याच वाटेने पुढे जाऊन एमआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये रंग बदलणारा धागा मांडला. त्यात अतिशय पातळ पारदर्शक थरांची गुंडाळी असते. धागा ताणला की थर आणखी पातळ होतात आणि परावर्तित प्रकाशाचा रंग तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. पट्टीत असा धागा असला की रंगाचा तक्ता शेजारी धरून ताण ठरवता येतो. याशिवाय कापडात विणलेले किंवा पट्टीखाली सरकवायचे दाबमापक आहेत. पट्टीखाली चपटी पिशवी ठेवून दाब वाचणारी हातात मावणारी यंत्रं काही दवाखान्यांत वापरली जातात. घरी उपकरण घेण्यापेक्षा अशा ठिकाणी जाऊन एकदा आपला दाब मोजून घेणं स्वस्त आणि जास्त उपयोगी.

दुसरी, दाब टिकण्याची आणि गरजेनुसार बदलण्याची. इथे जुना गडी म्हणजे हवेचा पंप : पायाला कप्प्यांची पिशवी बांधायची, कप्पे खालून वर क्रमाने फुगतात आणि ओसरतात. काम उत्तम, पण पंप चालू असेपर्यंत पडून राहावं लागतं. हवेशिवाय हेच काम करण्यासाठी निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, म्हणजे निटिनॉलची तार वापरतात. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत या धातूचा गुण लक्षात आला : थंड असताना वाकवा किंवा ताणा, गरम केला की तो आपल्या मूळ आकारात परततो. सरळ तार जेमतेम चार-पाच टक्के आखडते, म्हणून ती स्प्रिंगसारखी बारीक वळवून कापडात बसवतात. २०१४ मध्ये एमआयटीत डावा न्यूमन यांच्या गटाने अशा स्प्रिंगा अंतराळवीरांच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखासाठी वापरून दाखवल्या. हवा भरलेल्या फुगीर पोशाखाऐवजी कापडानेच शरीराला दाब द्यायचा, अशी ती कल्पना. त्यासाठी सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास दाब हवा, म्हणजे पायाच्या उपचाराच्या पाचपटीहून अधिक. त्या गटातले ब्रॅडली होल्शू पुढे मिनेसोटा विद्यापीठात हेच तंत्र वैद्यकीय कपड्यांकडे घेऊन गेले. हवेच्या पंपाशिवाय दाब देणारा आणि बांधून चालता-फिरता येईल असा डेस्प्रिंग नावाचा पट्टा लिम्फेडेमासाठी (लसिकावाहिन्या तुंबून येणाऱ्या सुजेसाठी) अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाला.

या तारेच्या मर्यादाही समजून घ्या. वीज दिली की ती झटकन तापते, पण थंड सावकाश होते. त्यामुळे भराभर दाब देणं-सोडणं तिला अवघड जातं. यंत्रांसाठी तयार मिळणाऱ्या अशा तारा ७० किंवा ९० अंश सेल्सिअसच्या आसपास आखडतात. अंगावरच्या साधनांसाठी मिश्रण बदलून हे तापमान खाली आणता येतं, तरी तार आणि कातडी यांमध्ये उष्णता अडवणारा थर लागतोच. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला चटका बसला तरी कळणार नाही. तापमान फार खाली आणलं तर वेगळीच पंचाईत : मे महिन्यात चंद्रपूरला पारा पंचेचाळीशी ओलांडतो, तिथे उन्हात उभ्या असलेल्या माणसाची तार वीज न देताच आखडायला लागेल. थंड देशात आखलेलं साधन आपल्या उन्हाळ्यात कसं वागेल, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायलाच हवा. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी (खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात ती माणसं) आधी डॉक्टरांना सांगावं.

दुसरा मार्ग आकार लक्षात ठेवणाऱ्या पॉलिमरचा. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात जिनलियान हू यांच्या गटाने असा धागा विणून स्टॉकिंग तयार केलं. बाहेरून ऊब देऊन त्याच स्टॉकिंगचा दाब बदलता येतो. प्रत्येक टप्प्यावर नवा आकार विकत घ्यावा लागत नाही. तिसरा मार्ग विजेने पसरणाऱ्या रबरी पातळ पडद्यांचा. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांपासून पट्ट्या करून पाहिल्या आहेत. मात्र त्यांना हजारो व्होल्ट लागतात, प्रवाह अगदी नगण्य असला तरी. हे दोन्ही मार्ग अजून प्रयोगशाळेच्या जवळ आहेत. त्यांच्या नावाने कोणी घरपोच माल विकत असेल तर सावध व्हा.

तिसरी अडचण घालण्या-काढण्याची. सैल असताना पायात चढवायचं आणि बटण दाबून आवळायचं, ही स्मार्ट साधनांची खरी सोय. पण संधिवाताने बोटं वाकलेल्या आजींसाठी तीच सोय वेल्क्रोचे पट्टे असलेला रॅप देतो, तोही विजेशिवाय. सूज उतरली की पट्टा थोडा आवळायचा. काही रॅपसोबत पट्टा कुठपर्यंत ओढायचा ते दाखवणारी मोजपट्टी मिळते. ती असलेलाच घ्या. भारतातल्या सर्जिकल दुकानांत आज जे सहज मिळतं ते म्हणजे साधं स्टॉकिंग, वेल्क्रोचा रॅप आणि हवेचा पंप. बहुतेक रुग्णांचं काम त्यात भागतं.

पुरावा कशाचा मागायचा?

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मांडीपर्यंतची स्टॉकिंग्ज घालायची जुनी पद्धत होती. २००९ मध्ये क्लॉट्स नावाच्या मोठ्या चाचणीने दाखवलं की त्यांचा फायदा होत नाही, उलट कातडीच्या तक्रारी वाढतात. त्याच संशोधकांनी २०१३ मध्ये तशाच रुग्णांवर हवेच्या पंपाचे पट्टे तपासले आणि गुठळ्या कमी झालेल्या आढळल्या. पाय तोच, हेतू तोच. दाब देण्याची रीत बदलली आणि निकाल बदलला. म्हणून ‘कम्प्रेशन उपयोगी आहे’ एवढं पुरत नाही. हे विशिष्ट साधन, या विशिष्ट आजारात तपासलं गेलं का, हे विचारायचं. विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर ठेवायचे प्रश्न असे :

* दाब किती मिलिमीटर, आणि तो घोट्याशी मोजलेला की पोटरीशी?
* साधन स्वतः दाब मोजून जुळवून घेतं, की फक्त ठरलेला कार्यक्रम चालवतं?
* वीज गेली किंवा बॅटरी संपली तर ते सैल पडतं की आवळलेलं राहतं? हाताने लगेच सोडवता येतं का?
* कातडीला लागणाऱ्या भागाचं तापमान किती वाढतं?
* बॅटरी आणि सर्किट काढून कापड धुता येतं का, आणि किती धुण्यांपर्यंत दाबाची खात्री आहे?
* सुटे भाग आणि दुरुस्ती भारतात मिळते का?

भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत आणि २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं या चौकटीत आली आहेत. वेष्टनावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, बॅच आणि परवाना वा नोंदणी क्रमांक असायला हवा. खेळाडूंसाठी किंवा ‘वेलनेस’साठी म्हणून विकलेली वस्तू उपचाराच्या जागी वापरू नका.

लिम्फेडेमा आणि हत्तीपाय

शिरांच्या सुजेपेक्षा लसिकावाहिन्या तुंबून येणारी सूज चिवट असते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला येणारी सूज याच प्रकारातली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात हत्तीरोगाने आलेली पायाची सूजही तशीच. गोळ्यांनी जंतू आणि प्रसार आटोक्यात येतो, पण जुनी सूज गोळ्यांनी उतरत नाही. तिथे कातडीची निगा, व्यायाम आणि दाब हेच उपाय उरतात.

या पायाचा आकार वेडावाकडा, वळ्या पडलेला असतो. तयार गोल विणीचं स्टॉकिंग वळीत रुतून बसतं आणि दोरी बांधल्यासारखा काच पडतो. अशांसाठी सपाट विणीचं, मागे शिवण असलेलं, मापाने केलेलं जाड स्टॉकिंग लागतं. ते दिसायला ओबडधोबड पण वळीवरून सरळ जाणारं असतं. सूज जास्त असताना आधी कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांनी ती उतरवायची आणि मगच मापं घ्यायची.

सरकारी योजनेत हत्तीपायाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच दिला जातो. त्याला कमी लेखू नका. बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून जंतू शिरतात, ताप भरतो, पाय लाल होतो, आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर सूज एक पायरी वर चढते. पाय धुऊन, बेचके टिपून कोरडे केल्याशिवाय कुठलाही पट्टा चढवायचा नाही. केरळातल्या कासारगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजीने त्वचेची निगा, आयुर्वेद, योग आणि पट्ट्या यांची सांगड घालून हत्तीपायाच्या रुग्णांवर दीर्घकाळ काम केलं आहे. त्या पद्धतीतही सुरुवात पाय धुण्यापासूनच होते.

रोजचा वापर

माप सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या, सूज चढण्याआधी द्या. घोट्याचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालची उंची एवढं तरी मोजलंच पाहिजे. फक्त बुटाचा नंबर विचारून स्टॉकिंग देणाऱ्या दुकानातून बाहेर पडा.

घालताना स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटं करा, पाऊल नीट बसवा, टाच टाचेवर आली की मग तळव्याने दाबत वर सरकवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड चांगली येते आणि नख लागून धागा तुटत नाही. वरची कड दुमडू नका. दुमडली की तिथे दुप्पट दाबाचा फास बसतो. तेल किंवा क्रीम रात्री लावा. सकाळी लावलं तर कापडातला लवचीक धागा लवकर खराब होतो. हलक्या साबणाने रोज धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. दोन जोड ठेवा. बहुतेक उत्पादक सहा महिन्यांनी जोड बदलायला सांगतात, कारण दिसायला धड असलेल्या स्टॉकिंगचाही ताण तोवर गेलेला असतो. परदेशातल्या मुलांकडे जाताना लांबच्या विमानप्रवासात गुडघ्याखालचं हलक्या दाबाचं स्टॉकिंग उपयोगी पडतं. गुठळीचा पूर्वेतिहास असेल तर डॉक्टरांना विचारून.

ॲप काहीही दाखवो, शिलाईची टेप घरात असू द्या. दर आठवड्याला त्याच दिवशी, सकाळीच, पेनाने खूण केलेल्या त्याच जागी घेर मोजून वहीत लिहा. बोटं निळसर किंवा पांढरी पडणं, मुंग्या, बधिरपणा, वाढती कळ यातलं काही जाणवलं तर साधन लगेच काढा. कातडी लाल-गरम होऊन ताप आला तर पंप बंद करून डॉक्टरांकडे जा.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

आधी डॉप्लर तपासणी. मग योग्य मापाचे दोन जोड. मग फिजिओथेरपिस्टकडे किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडे एखादी भेट, घालायला शिकण्यासाठी. एवढं करून दोन-तीन महिने वहीतले आकडे पाहा. घेर उतरत असेल तर महागड्या साधनाची गरज नाही. उतरत नसेल तर अडचण दाब कळण्याची आहे, टिकण्याची आहे की घालण्याची, ते वही आणि अनुभव सांगतील. त्याच अडचणीवरचं साधन निवडा, शक्यतो काही दिवस भाड्याने वापरून.

आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन आकडे मागून घ्या : किती मिलिमीटर दाब, दिवसाचे किती तास, आणि किती आठवड्यांनी पुन्हा तपासणी. हे तीन आकडे हातात आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.